वायरलेसवरचा गोड गळा

आमच्या भागात वायरलेसवर माझ्याइतकं गोड बोलणारा दुसरा कोणी नव्हता, हे मी अगदी नम्रपणे सांगतो! रोज दुपारी विमानाने फिरणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांचे वायरलेसवरचे पेशंट संपले की तासभर वायरलेस आम्हां गुरंवाल्यांना मोकळा मिळे. एकाने बोलायचं, ‘ओव्हर’ म्हणायचं, मग दुसऱ्याने. दोनशे मैलांवर मुलांना शिकवणाऱ्या थेल्माशी मी असा दोन वर्षं बोललो. सगळा मुलूख ऐकत असे. आमचं कुठवर आलंय हे शेजारच्या टलीबाईंना माझ्याआधी कळे.

मग थेल्मा आमचं घर बघायला चार दिवस आली आणि माझी वाचाच बसली. ती काही बोलली की मी तिच्या ‘ओव्हर’ची वाट बघत बसायचो आणि ती माझ्या उत्तराची. तेवढ्यात ताटातलं मटण गार व्हायचं.

“तुला मी आवडले नाही का?” तिसऱ्या दिवशी तिने विचारलं.

मी ‘ओव्हर’साठी थांबलो. ती उठून गेली.

“अरे मुखदुर्बळा,” आई म्हणाली, “उद्या तीनला टपालाचा ट्रक येईल. त्यात बसून पोरगी गेली की गेली.”



दुसऱ्या दिवशी अडीचला तिची बॅग व्हरांड्यात आली. मी तडक अंगणातल्या माझ्या ट्रकमध्ये जाऊन बसलो आणि तिथला वायरलेस लावला. स्वयंपाकघरातला संच चालूच होता आणि थेल्मा तिथेच आईपाशी होती.

“थेल्मा, क्लेम बोलतोय.” आवाज काय खुलला म्हणता! दोन खोल्या, बोअरचं पाणी, गळकं छप्पर, सगळं सांगून टाकलं. “माझ्याशी लग्न करशील?”

बटण सोडलं. नुसती खरखर. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. लांब रस्त्यावर टपालाच्या ट्रकची धूळ दिसायला लागली. संपलं सगळं. बिचारीला नकार द्यायलाही जड जातंय, असं मला वाटलं.

तेवढ्यात खिडकीतून आई ओरडली, “मेल्या, ओव्हर म्हण! पोरगी कधीची ताटकळलीय!”

“ओव्हर,” मी कसंबसं म्हटलं.

“हो म्हण गं बाई,” टलीबाई मध्ये घुसल्या. “आधी छप्पर दुरुस्त करून घे,” कोणी म्हातारा म्हणाला. त्या गलक्यात थेल्माचा आवाज काही येईना.

मान वळवली तर ती माझ्या ट्रकच्या खिडकीशी उभी.

“हो,” ती हळूच म्हणाली. दोन वर्षांत आमच्यातलं काहीतरी पहिल्यांदाच टलीबाईंना ऐकू गेलं नव्हतं.

मला केवढं बोलायचं होतं! मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. टपालाचा ट्रक फाटकाशी येऊन भोंगा वाजवायला लागला.

“क्लेम,” थेल्मा म्हणाली, “ओव्हर.”