चार माणसांची सूर्यचूल

एप्रिल १९७४ मधला एक गुरुवार. कुरडयांचा चीक शिजवून, सोऱ्या आणि खाट घेऊन मी अंगणात आले, तर सगळ्यात चांगल्या उन्हात मुलाणीसाहेबांची पेटी बसलेली. शेजारी छत्री उघडून साहेब स्वतः.

मुलाणीसाहेब धरणाच्या कामावरून निवृत्त झालेले ओव्हरशियर. भोरला त्यांची आमची भिंतीला भिंत. आयुष्यभर इस्टिमेटं काढली, ती खोड पेन्शनीतही गेली नाही. चहा देताना सांगतील, "वहिनी, ह्यात दोन चमचे रॉकेल गेलं." मार्गासनीला लग्नाला गेले, तर जेवायच्या आधी मांडवाचे बांबू मोजून आले आणि सात जास्त लागलेत असं नवरीच्या बापाला ऐकवलं. नसरापूरहून येणारी एसटी उशिरा आली की थांबण्याचा खर्च कंडक्टरला सांगतात. हल्ली कंडक्टर त्यांना बघितलं की आधी घंटी मारतो.

ही पेटी म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेली सूर्यचूल. आत काळा रंग दिलेले चार डबे, वर काच, झाकणाला आरसा. डाळभात उन्हावर शिजतो, मी खाल्लाय. पण ऊन सरकलं की पेटी फिरवावी लागते, म्हणून साहेब अकरा ते दोन जागचे हलत नाहीत. ढग आला तर म्हणतात, "गेला बिनपगारी रजेवर." शिवाय आरशातल्या कावळ्याशी भांडायला खरा कावळा येतो. "कावळा इस्टिमेटात धरला न्हवता," एवढं त्यांनी कबूल केलंय.

"साहेब, पेटी उचला. माझा चीक आंबेल."

"तुमच्या कुरडया वर्षातनं एकदा. माझं रॉकेल रोज वाचतंय. दीड वर्षात पेटी फिटली म्हणून समजा."

"ती कशी?"

त्यांनी बोटांवर मांडून दाखवलं. लाकूड, काच, आरसा, रंग. मग महिन्याचं वाचलेलं रॉकेल. तिथं मी त्यांना थांबवलं.

"एवढं रॉकेल एकट्याला लागतं तुम्हाला?"

"चार माणसं धरलीत."

मी काचेतून वाकून बघितलं. एका डब्यात भात. बाकीच्या तिन्हीत नुसतं पाणी. साहेबांची बायको, आमच्या भाभी, जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी किकवीला दिलेली, मुलगा पुण्यात नोकरीला.

"एकच माणूस धरा की."

"धरून बघितलं, वहिनी. एका माणसाला परवडत न्हाई. असलं काम मंजूरच करू ने." एवढं बोलून त्यांनी आरसा सारखा केला. ऊन तर कुठं सरकलं नव्हतं.

मी कुरडया सावलीच्या कडेला घातल्या. जराशा आंबटच झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या तीन डब्यांतलं पाणी अळवाला ओतलं. एकात डाळ घातली, एकात तांदूळ, एकात बटाटे.

"सासूबाई धरून आम्ही तीन," मी म्हटलं. "मीठ बेताचं घातलंय, तुम्ही वरून घ्या."

सासूबाई काही बोलतील असं वाटलं होतं. पण रॉकेलच्या रांगेत त्याच उभ्या राहायच्या. त्यांनी फक्त विचारलं, "वरण घट्ट व्हतं का ह्यात?"

"व्हतं की, लई घट्ट व्हतं," साहेब म्हणाले आणि पेटी फिरवायला लागले.

मग मी शिडी लावून कालच्या ओल्या राहिलेल्या कुरडया गोठ्याच्या पत्र्यावर घातल्या. चढायचा त्रास आहे, पण पत्रा तापतो चांगला. कावळा तिथंही येणारच, म्हणून लांब काठी साहेबांच्या हातात दिली. नाहीतरी दोनपर्यंत ते बसूनच असतात.