बंद करायची नाही अशी गाडी

"गाडी मी दुरुस्त केलीय," आइलूने सुन्नाला छातीठोकपणे सांगितलं. "तू हात लावायचा नाहीस. पठारावरची सगळी घरं मी एकटा बोलावून येतो."

दोघांचं लग्न ईस्टरला होतं. आमंत्रण नवऱ्यामुलाने दारोदार जाऊन द्यायचं आणि प्रत्येक घरी बसून कॉफी घ्यायची. कॉफीशिवायचं आमंत्रण पठारावर कुणी मोजत नाही. त्यातही सुन्नाची माग्गा आत्या. ती रुसली तर नवरीकडचं एकही माणूस लग्नाला फिरकलं नसतं.

आइलूची स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, रेस सोडली की बंद पडायची. त्याने अगदी शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण केलं, इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारा चोक ओढून धरला की ती चालू राहते हे शोधलं, आणि चोकची दांडी रेनडिअरच्या चामडी पट्ट्याने ओढून बांधून टाकली. गाडी दूध प्यायलेल्या मांजरासारखी गुरगुरू लागली. प्रश्न मिटला.

पहिल्या घरी गाडी बंद करून तो कॉफी प्यायला. बाहेर येऊन गाडी सुरू करायची दोरी ओढली. खांदा निखळायची वेळ आली, गाडी ढिम्म. पार गार झाल्यावर मात्र पहिल्याच झटक्यात सुरू झाली. आइलूने निष्कर्ष काढला : गरम असताना बंद केली की ही रुसते. मग बंदच करायची नाही.

पुढचं घर नीलास काकांचं. बाहेर गाडी धडधडतेय आणि आत आइलू बाकाच्या कडेवर टेकलेला.

"गाडी चालूच ठेवलीस?" काकांनी खिडकीतून पाहिलं. "कुणी गेलं का?"

"नाही काका, लग्नाला यायचं."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

"मग पळतोयस कशाला?"

दुरुस्ती फसली हे सांगणं जिवावर आलं होतं. "घाई आहे," एवढंच म्हणून त्याने उकळती कॉफी घशाखाली ओतली. पठारावरच्या रीतीप्रमाणे कॉफीत घातलेलं चीज पेल्याच्या तळाशी तसंच राहिलं.

तो पुढच्या घरी पोचेपर्यंत काकांचा फोन तिथे पोचला होता. तिथून पुढच्या घरी पोचताना बातमीला शिंगं फुटली होती. तिथल्या म्हातारीने दारातच त्याचा हात हातात घेतला. "होतं असं पोरा. नाही म्हणाली तर म्हणू दे."

"कोण?"

"सुन्ना. लग्न मोडलं ना?"

आइलू घाईघाईने माग्गा आत्याच्या अंगणात शिरला, तर आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. शेजारी सुन्नाची गाडी, आणि तिच्यावर बातमी ऐकून आलेली सुन्ना.

"माझ्याकडे बसायला वेळ नाही म्हणे तुला," आत्या म्हणाली.

"आहे ना आत्या. भरपूर आहे."

"मग ते धूड बंद कर."

आइलू जागचा हलला नाही. सुन्ना उतरली, आली आणि किल्ली फिरवली. इतकी शांतता झाली की आतली किटली ऐकू आली.

"आता सुरू कर," सुन्ना म्हणाली.

त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा सगळा जीव लावून ओढली, तेव्हा ती तुटून हातात आली आणि तो बर्फात बसला.

सुन्नाने झाकण उघडलं. "हा पट्टा कशाला?"

"चोक परत आत जाऊ नये म्हणून."

"म्हणजे गरम इंजिनाला दिवसभर चोक देतोयस? पेट्रोलने प्लग भिजून चिंब झालेत." तिने दांडीला हात लावला. "आणि रेस सोडल्यावर बंद का पडायची, ते पाहिलंस?"

"ते... पाहायचं राहिलं."

आतापर्यंत नीलास काकाही मागोमाग आले होते. सुन्ना आइलूच्या गाडीला दोर बांधून आपल्या गाडीमागे अडकवत होती. काका म्हणाले, "लग्नाआधीच दावणीला बांधलंस, पोरी."

"घरं अजून बरीच उरलीत, काका. ओढत नेते."

मग सगळे आत गेले. आइलू तीन पेले कॉफी प्यायला, तळाचं चीजही त्याने चमच्याने संपवलं, आणि रीतसर आमंत्रण दिलं. आत्याने त्याचा रिकामा पेला उचलून तळ पाहिला.

"येईन," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन येईन. नवरदेव आपला आपण येतो की ओढून आणावा लागतो, ते बघायला कुणीच घरी थांबायचं नाही."