बिनआवाजाचा पंखा

सन दोन हजार बावीस. मे महिन्याचा तिसरा आठवडा, ऐन उन्हाळा. बुधवारी सकाळी मी सुनेच्या कॉम्प्युटरचा पंखा दुरुस्त करायचं ठरवलं.

मी चाळीस वर्षं पंखे दुरुस्त केले. शाळेत चौथीपर्यंत गेलो. नंतर वाइंडिंगच्या दुकानात बसलो तो हात थरथरायला लागेपर्यंत उठलो नाही. छताचे, टेबलाचे, कारखान्यातले, सगळे हाताखालून गेले. पंखा बिघडला की मला त्याचा आवाज पुरतो. उघडावा लागत नाही. (आमच्या स्वयंपाकघरातला पंखा अकरा वर्षं करकरतो, हे खरं आहे. तो घरचा आहे.)

सून पुस्तकं वाचते. मनात नाही, मोठ्याने. एक कंपनी तो आवाज भरून घेते आणि लोक तो कानात घालून फिरतात. तिने नमुना पाठवला होता. उत्तर आलं, वाचन उत्तम, पण मागे घरघर येते. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पहिली तीन प्रकरणं स्वच्छ आवाजात पाठवा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. या कामासाठी ती दोन वर्षं धडपडत होती. खोलीची खिडकी बंद केली, भिंतीला गादी उभी लावली. घरघर होती ती टेबलाखालच्या लाकडी कप्प्यातल्या कॉम्प्युटरच्या डब्याची.

"बाबा, त्यात पंख्याचा वेग कमी करायचं सेटिंग असतं म्हणे," ती म्हणाली. "संध्याकाळी शोधते."

"कुठे असतं?"

"स्क्रीनवर."

"पंख्याचा वेग पंख्यापाशी बदलतो," मी म्हणालो. "स्क्रीनवर बातम्या बघतात."

ही दारात उभी होती. ही म्हणजे माझी बायको. "आधी स्वयंपाकघरातला बघा," म्हणाली.

मी हत्यारांची पेटी आणली.

डबा उघडला. आत एक छोटा पंखा, तो निमूट होता. मागे एक मोठा, घरघर त्याची. बारा व्होल्टचा. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर याला चालत नाही, एवढं मला कळतं. पेटीतून एक रेझिस्टन्स काढला, वायर कापून मध्ये जोडला. पंखा हळू झाला. अजून एक जोडला. पंखा इतका हळू झाला की पाती मोजता येत होती. सात.

एकच बारीक गोष्ट होती. बंद करून चालू केला की तो आपल्या आपण सुटत नव्हता. पेन्सिलीने ढकलला की फिरायचा. यात विशेष काही नाही. छताचे पंखे म्हातारे झाले की लोक काठीने ढकलतात आणि पाच-पाच वर्षं चालवतात. मी ढकलला, झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. कारागीर प्रत्येक गोष्ट सांगत बसत नाही.

सुनेने कान लावला. "बाबा! कमाल केलीत!"

"काम आहे ते," मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा मशीन सुरू करून, झाकण काढून, पंखा ढकलून, झाकण लावून दिलं. दहाला ती चहाला उठली. आमच्या घरात नियम आहे, खोलीतून उठणाऱ्याने बटण बंद करायचं. नियम माझा. ती गुणी मुलगी. तिने मशीन बंद केलं, चहा घेतला, मशीन चालू केलं आणि वाचायला बसली.

अकराला मी खोलीत डोकावलो. डब्यापाशी वाकून ऐकलं. काहीही आवाज नाही. चाळीस वर्षांत इतका शांत पंखा मी पाहिला नव्हता. बाहेर येऊन हिला तसं सांगितलं.

"बंद तर नाही ना पडला?" ही म्हणाली.

"तुला पंख्यातलं काय कळतं?"

बाराला मी परत आत जाऊन बसलो, तेव्हा सून रेकॉर्डिंग थांबवून हळूच म्हणाली, "बाबा, मागून वारा येत नाहीये."

"वेग कमी, वारा कमी. वाच तू."

एकाला आतला छोटा पंखा एकदम किंचाळला. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून सांगितलं, घाबरू नको. तेवढ्यात खट्ट झालं आणि स्क्रीन काळी पडली.

डब्यावर हात ठेवला. चटका बसला.

मशीन निवल्यावर सुरू झालं, पण सकाळची फाइल उघडेना. दहा ते एक. तीन तासांचं वाचन गेलं. सून ओरडली नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. नुसती घड्याळाकडे बघत राहिली.

"चहानंतर पंखा सुरू झालाच नव्हता का?" तिने विचारलं.

"ढकलावा लागतो," मी म्हणालो.

"काय?"

"पेन्सिलीने."

ही मागून म्हणाली, "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

मला राग आला, पंख्याचा. तो काढला, कापलेली वायर सोलली. म्हटलं, आधी पूर्ण दाबाने फिरवून बघतो. माझ्या घरच्या ट्रान्सफॉर्मरला दोन टोकं आहेत, एक बाराचं, एक चोवीसचं. मी घाईत होतो. पंखा जोरात फिरला, अगदी वाऱ्यासारखा, आणि मग वास आला. चाळीस वर्षांत माझ्या हातून जळालेला तो पहिला पंखा. (दुसरा. पहिला हिच्या माहेरचा होता, ते आता काढत नाही.)

गुरुवारी बाजार बंद. सव्वा वाजून गेला होता. सहाला पाठवायचं.

"सगळं परत वाचायचं," सून म्हणाली. "तीन तास. पण पंख्याशिवाय मशीन परत तापेल."

"तीन तास माझ्यावर," मी म्हणालो.

"म्हणजे काय करणार?"

मी कपाटातून नव्या शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. झाकण उघडं टाकलं, डबा कप्प्यातून बाहेर ओढला आणि समोर स्टुलावर बसलो.

ठीक दोनला सुरू झालं. सुनेने स्क्रीनच्या कोपऱ्यात मशीन किती तापलंय त्याचा आकडा लावून घेतला. बोलायची सोय नव्हती, आवाज भरला जात होता. म्हणून तिने बोटांनी ठरवलं. एक बोट म्हणजे हळू. दोन म्हणजे मध्यम. तीन म्हणजे जोरात. मूठ म्हणजे बंद.

पहिला अर्धा तास दोनवर गेला. मग गोष्टीत कोणीतरी दिवाणखान्यात कुजबुजायला लागलं. सुनेने एक बोट दाखवलं. पुठ्ठा फडफडत होता. मी हळू केला. आकडा चढला, तिने तीन दाखवली. खांद्यातून कळ आली. हात बदलला. डाव्या हाताने माझा वेग सारखा राहत नव्हता, तेव्हा ती वाचता वाचता भुवया उंचावून बघायची. ही पायांचा आवाज न करता आली, माझा घाम पुसला आणि माझ्या कानाशी वाकली. मला वाटलं धीर देते आहे.

"करकरतंय," ही कुजबुजली. "स्टूल."

मी हललो नाही. खोकला आला, गिळला. चारला माझी पाठ गेली. चाळीस वर्षं मी लोकांच्या पंख्यांचे वेग ठरवले. आता एक पोरगी दोन बोटांवर मला फिरवत होती. आणि एक सांगतो, एकदाही तिला मला ढकलावं लागलं नाही.

दुसऱ्यांदा वाचताना ती कुठे अडली नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी मूठ मिटली. साडेपाचला पाठवून दिलं.

शुक्रवारी उत्तर आलं. सुनेने आम्हा दोघांना वाचून दाखवलं. काम मिळालं होतं, पुस्तकाची सगळी बावीस प्रकरणं. खाली एक ओळ होती. आवाज अत्यंत स्वच्छ, मशीनला कोणता पंखा बसवलात?

"लिही," ही म्हणाली, "मॉडेल जुनं आहे, आता मिळत नाही."

दुपारी मी बाजारातून नवा पंखा आणला. बसवला. वायर कापली नाही. सुनेने स्क्रीनवर ते सेटिंग शोधलं आणि वेग कमी केला. दोन मिनिटं लागली. पंखा आपल्या आपण सुटला. आवाज नाही.

मी स्टूल ओढलं आणि पुठ्ठा उचलला.

"अहो बाबा, आता कशाला?"

"तीन तास म्हणालो होतो. दोन तास चाळीस मिनिटं झाली."

 ती खुर्ची ओढून समोर बसली आणि एक बोट दाखवलं.

वीस मिनिटांनी तिने मूठ मिटली. मी पुठ्ठा खाली ठेवला.