विम्याच्या खिडकीपाशी उदाजीराव

"दुपारच्या जेवणाआधी कार्डावर नावं चढवून परत येतो! सरकारी माणसाशी कसं बोलावं, हे आमच्या घराण्याला कुणी शिकवायला नको!"

एवढं ठणकावून उदाजीरावांनी ठेवणीतला बंद गळ्याचा कोट चढवला, फेटा बांधला आणि मिशीला असा पीळ दिला, की जणू विम्याच्या दवाखान्यात नव्हे, दसऱ्याच्या दरबारात निघालेत! आणीबाणी उठून दोन-चार वर्षं झाली होती. धारचा दरबार तर कधीच उठला होता. त्या दरबारात उदाजीरावांच्या आजोबांना मानाची खुर्ची होती. खुर्ची गेली, जमीन गेली, आणि उदाजीराव देवासला आले ते मुलाच्या, सुभाषच्या, कारखान्याच्या नोकरीमागे. हे शेवटचं मात्र ते कुणाला सांगत नसत. "हवापालटाला आलोय" म्हणत.

आता खरं सांगायचं तर या सगळ्याच्या मुळाशी शेजारचे गणपतराव होते. हे खानदेशातले. त्यांचा मुलगा भगवंत सुभाषच्याच कारखान्यात. कारखान्यातल्या माणसाच्या पगारातून विम्याचे पैसे कापतात, त्याला विम्याचं कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर त्याच्या आईबापांचंही औषधपाणी फुकट होतं, ही गोष्ट गणपतरावांना आधी कळली. त्यांनी इंदूरच्या मोठ्या इस्पितळात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला आणि हिरवा चष्मा लावून ओट्यावर बसू लागले. सगळी गल्ली त्यांना बघायला! "लोखंडी पलंग, पांढरी चादर, सकाळी दूध, संध्याकाळी दूध! नर्सबाई तर मला बाबूजी म्हणायची!"

उदाजीरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घराणं यांचं, आणि पलंग त्यांना? छे!

खरी गरज होती भवानीबाईंना. उदाजीरावांच्या या पत्नीच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकले होते. समोर माणूस आला की आधी आवाज ऐकायच्या, मग पदर सावरायच्या. पदरच्या पैशानं ऑपरेशन करायची सुभाषची ऐपत नव्हती. कार्डावर नावं चढली तरच काही होणार होतं.

तर निघाले दोघं. भवानीबाईंना बाकावर बसवून उदाजीराव खिडकीशी गेले. बघतात तो त्याच बाकाच्या टोकाला गणपतराव! डोळ्यात घालायचं औषध न्यायला आलेले, आणि कान सुपाएवढे करून बसलेले.

खिडकीतल्या बाबूनं नाव-गाव विचारलं. मग माळव्यात वडीलधाऱ्यांना हाक मारतात तसं म्हणाला, "बासाब, बेटे पे आश्रित हो?"

आश्रित! धारच्या घरी मागच्या पंगतीला जेवायला बसायचे, ते आश्रित. उदाजीरावांच्या पाठीत गणपतरावांची नजर टाचणीसारखी टोचली. गप्प राहतील तर ते उदाजीराव कसले!

"आश्रित? आम्ही? अहो, मुलगाच आमच्या जिवावर आहे! लोहारद्याला जमीन है हमारी. तिरल्याला आंब्याची बाग!"

लोहारद्याची जमीन सुभाष जन्माला यायच्या आधीच विकली गेली होती. तिरल्याच्या बागेत एकच झाड होतं, आणि ते चुलतभावाच्या अंगणात होतं.

"आमदनी आती है उससे?" बाबूनं विचारलं.

"आती है? बोरियां भरभरके आती है!"

आता गणपतरावांना बाकावर बसवेना. ते उठलेच. "बाबूजी, आमचंही लिहून घ्या! एरंडोलला आमची केळीची बाग आहे. ट्रकच्या ट्रक भरून माल जातो!"

"आमच्या दारात हत्ती झुलायचा!"

"हत्ती म्हणजे नुसता खर्च! आमच्याकडं ट्रॅक्टर आहे!"

"अहो, बसा खाली! पुरे करा आता!" भवानीबाई बाकावरून कुजबुजत होत्या, पण ऐकतो कोण? दवाखान्यात आलेले कामगार खोकायचं विसरून मजा बघत होते. बाबू शांतपणे लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं चष्मा काढला.

"दोनों बासाब सुनो. जिसकी खुद की आमदनी, उसका इलाज बेटे के कार्ड पे नहीं होता. आपका नाम चढेगा नहीं, और इनका चढा हुआ कटेगा."

गणपतरावांचा चेहरा पडला. दुसरा डोळा व्हायचा होता अजून त्यांचा!

"और हमारी मंडळी?" उदाजीरावांनी चाचरत विचारलं.

"माताजी तो आप पे आश्रित हुई ना! इतने बडे जमींदार हो, बंबई ले जाओ!"

घरी आल्यावर सुभाषनं कपाळावर हात मारला. "आबासाहेब, क्या जरूरत थी? हत्ती कुणी विचारला होता तुम्हाला?" भवानीबाईंनी मात्र पान वाढलं. पहिल्याच घासाला उदाजीरावांच्या दाताखाली खडा आला. त्यांनी तो हळूच ताटाबाहेर ठेवला. दुसऱ्या घासालाही आला.

"निवडले होते तांदूळ," भवानीबाई म्हणाल्या, "पण दिसत नाही हो मला."

उदाजीरावांना फार लाज वाटली, अगदी आतून वाटली. हात धुऊन ते उठले आणि फेटा खुंटीला टांगला.

सकाळी जुनं धोतर नेसून, विटका सदरा घालून ते खिडकीशी हजर झाले. पण तिथं आधीच गणपतराव उभे! सदऱ्याला ठिगळ, पायात चप्पल नाही! उदाजीरावांचा जीव जळला. हे आपल्याला कसं सुचलं नाही?

"बाबूजी, कालचं सगळं खोटं," गणपतराव गळा काढून सांगत होते. "मी भगवंतावर आश्रित आहे. बिडीसुद्धा त्याच्याकडून मागून ओढतो."

"हम तो बीडी पीतेच नहीं!" उदाजीराव पुढं घुसले. "परवडत नाही!"

"आमच्याकडं दोन दिवस चूल पेटली नाही!"

"तुमच्याकडं चूल तरी आहे! हमको तो बहू को याद आयी तो रोटी मिलती है, नहीं तो पाणी पिऊन झोपायचं!"

सुभाषचं अजून लग्नही झालं नव्हतं! पण बाकावरच्या एका कामगारानं डोळे पुसले.

"और वो हाथी?" बाबूनं विचारलं.

"मर गया बेचारा," उदाजीराव म्हणाले. "उपाशी."

बाबूनं कोपरापासून हात जोडले. जमीन नसल्याचे दाखले आणायला सांगून दोघांना बाहेर काढलं. सुभाष आणि भगवंत रजा काढून तहसिलीत खेटे घालत राहिले. अखेर दाखले मिळाले, नावं चढली, आणि पावसाळ्यानंतर भवानीबाईंचे डोळे इंदूरला एकामागून एक झाले. घरी आल्या त्या दिवशी त्यांनी सुपात तांदूळ घेतले आणि एकेक खडा वेचून बाजूला काढला. उदाजीराव समोर बसून नुसते बघत होते. इतकं सुख त्यांना हत्तीवर बसूनही झालं नसतं.

इथंच संपायला हवं होतं. पण रविवारी सकाळी कारखान्यातली दहा-बारा माणसं हातगाडी घेऊन गल्लीत शिरली. गाडीवर गव्हाची दोन पोती! एक गणपतरावांच्या ओट्यावर उतरलं, एक उदाजीरावांच्या.

"बासाब, ना मत बोलना," डोळे पुसणारा तो कामगार म्हणाला. "सब भाइयों ने मिलके किया है." मग दारात उभ्या सुभाषकडं वळून म्हणाला, "और भिया, शरम कर! बूढे मां-बाप को रोटी तो दिया कर!"

सगळी गल्ली दारात! सुभाष टोमॅटोसारखा लाल झाला आणि घरात पळाला. माणसं निघून गेली.

"आत्ताच्या आत्ता परत पाठवा ते पोतं!" भवानीबाई कडाडल्या. "कुठं फेडाल हे?"

"पाठवतो, पाठवतो," उदाजीराव टाचा उंचावून शेजारच्या ओट्याकडं बघत म्हणाले. "पण आधी तुम्ही जरा इकडं या. तुम्हाला आता चांगलं दिसतंय. गणपतरावांचं पोतं आपल्यापेक्षा मोठं आहे का हो?"