न उच्चारायच्या नावांची यादी

ज्या गोष्टीची यादी नाही तिच्यावर बंदी घालता येत नाही, हे कारभारातलं मूलभूत सत्य आहे. डास, जुगार, फेरीवाले आणि पाप या सगळ्यांच्या याद्या आहेत, म्हणूनच या सगळ्यांवर बंदी आहे. (त्या बंदीचं पुढे काय झालं हा वेगळ्या खात्याचा विषय आहे.) सांता ब्रिखिदाच्या शाळेत मुलांनी एकमेकांना छळू नये म्हणून जे काम झालं ते या सत्याला धरून झालं, आणि ते पूर्णपणे यशस्वी झालं, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

सांता ब्रिखिदा हे कोलंबियाच्या किनारपट्टीतलं नदीकाठचं गाव. इथे प्रत्येकाला चर्चमध्ये ठेवलेलं नाव असतं, पण ते सरकारी कागदापुरतं. एरवी सगळा व्यवहार टोपणनावांवर चालतो. खाटीक म्हणजे 'ओला पंखा', औषधवाला म्हणजे 'उलटा शर्ट', आणि मोटारसायकलवरून सवाऱ्या नेणारे दोघे भाऊ म्हणजे 'आधी' आणि 'नंतर'. माणूस गेला की भिंतींवर कागद चिकटवतात, त्यात नावापुढे कंसात टोपणनाव छापावंच लागतं, नाहीतर शवपेटी उचलायला चार माणसं जमत नाहीत. (एका घराने लाजेखातर कंस गाळला. आठवडाभर लोक 'तीन पावलं'ला बाजारात शोधत होते.) यातली बहुतेक नावं प्रेमाची असतात. कुठलं प्रेमाचं आणि कुठलं नाही, हे ज्याला हाक मारतात त्यालाच कळतं, पण त्याला विचारायची पद्धत नाही.

ओदालिस मेंदिवीलबाई या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवतात. मुलांमधल्या तंट्यांसाठी शाळेची सहजीवन समिती स्थापन झाली त्या दिवशी त्या रजेवर होत्या, म्हणून चिटणीसपद त्यांच्या गळ्यात पडलं. मार्च महिन्यात, मधल्या सुट्टीत, सहावीतली एक मुलगी त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात मीठ लावलेल्या कैरीची पुडी होती, आणि त्यातली एकही फोड तिने खाल्लेली नव्हती.

"बाई, मागच्या बाकावरच्या तिघी मला एक नाव घेऊन चिडवतात."

"कुठलं गं?"

मुलीने ते बाईंच्या कानात सांगितलं.

"आणखी कुणाला माहितीये हे?"

"कुणालाच नाही. आईलासुद्धा नाही. तुम्ही पण कुणाला सांगू नका, बाई. फक्त त्यांना गप्प करा."

पूर्वी असं काही कानावर आलं की त्या अशा तिघींना व्हरांड्यात घेत, दोन मिनिटं बोलत, आणि विषय तिथेच संपे. (या पद्धतीची कुठेही नोंद नसल्यामुळे ती परिणामकारक होती असं आता सिद्ध करता येत नाही.) पण आता समिती होती आणि समितीचा फॉर्म होता. त्यात 'आक्षेपार्ह शब्द' असा रकाना होता, तो ठळक अक्षरांत आणि तीन प्रतींत भरायचा होता. बाईंनी तो भरला.

मुख्याध्यापक आरिस्तिदेस पालेंसिया यांनी तिन्ही प्रती वाचल्या, कारण तिन्ही त्यांच्याकडेच आल्या होत्या.

"तीन मुलींपुरतं बघितलं तर पक्षपात होईल, ओदालिसबाई. मुळाशी जायला हवं."

"मूळ मागच्या बाकावर बसलंय, सर. मी आत्ता जाऊन बोलते ना त्यांच्याशी."

"बोलून काय होणार? बोलण्यानेच तर हे सगळं झालंय."

दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात एक पेटी टांगली गेली. शाळेत जी टोपणनावं घेतली जाऊ नयेत असं वाटतं ती मुलांनी, कुणाची आहेत त्यासह, चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची होती. मुलं एरवी निबंधाच्या दोन ओळी लिहायला कुरकुरतात, पण या कामाला त्यांनी मधल्या सुट्ट्या दिल्या. तीन आठवड्यांत चारशे बारा नावं जमली. पैकी प्राणी व पक्षी एकशे एकतीस, शरीराचे अवयव एकशे चार, खाद्यपदार्थ अठ्ठ्याऐंशी (त्यात उकडलेला यूका कंद एकोणीस वेळा), हवामान नऊ, आणि बाकीची वर्गीकरणाला दाद न देणारी. मुख्याध्यापकांची स्वतःची चार निघाली, ती तांत्रिक कारणाने त्यांना दाखवली गेली नाहीत. बाईंनाही स्वतःचं टोपणनाव त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपल्याला टोपणनाव नाहीच.

छाननीत एक गंभीर त्रुटी आढळली. तेवीस मुलांना एकही टोपणनाव नव्हतं. त्यांच्या पालकांनी लेखी विचारलं की आमच्या मुलांना संरक्षणातून का वगळलं? सुदैवाने त्यांच्या वर्गमित्रांनी ही उणीव त्याच दुपारी भरून काढली.

यादी पेटीत पडल्याच्या क्रमाने केली होती. बाईंनी मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून आपला फॉर्म पेटीत टाकला तेव्हा आधी छत्तीस चिठ्ठ्या होत्या, म्हणून मुलीचा क्रमांक सदतीस आला. आता यादी, कुठलं नाव कुणाचं यासकट, झेंडावंदनाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायची होती, म्हणजे मला माहीत नव्हतं अशी सबब पुढे कुणाला सांगता येऊ नये. आदल्या दिवशी बाई पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, सदतीस नंबरचं नाव फक्त तिघींना माहीत आहे. तेवढं मी गाळते."

"फक्त तिघींना?" मुख्याध्यापक काळजीत पडले. "मग उरलेल्या साडेसहाशे मुलांना ते घ्यायचं नाही हे कळणार कसं?"

बाई गाळणार होत्या. रात्रभर त्यांनी तसं ठरवलं होतं. पण वाचनाच्या वेळी मुख्याध्यापक शेजारी दुसरी प्रत हातात धरून प्रत्येक नावावर बोट ठेवत उभे होते, आणि सदतिसाव्यावर त्यांचं बोट थांबलं. बाईंनी ते नाव वाचलं. ध्वनिक्षेपक गावच्या जत्रेतून मागून आणलेला होता. त्यावरचं गाणं नदीपलीकडे ऐकू जातं, तेव्हा मासळीबाजार ही काही फार लांबची गोष्ट नव्हती. वाचन अठ्ठेचाळीस मिनिटं चाललं. शाळेच्या इतिहासात मुलांनी इतक्या शांतपणे काही ऐकल्याची नोंद नाही, आणि चौदा जणांनी टिपणंही काढली.

परिणाम थक्क करणारा होता. यादीतला शब्द उच्चारल्याच्या घटना एप्रिलमध्ये शून्य, मेमध्ये शून्य. त्या मुलीला आता कुणीही ते नाव घेऊन चिडवत नव्हतं. सगळे तिला सदतीस म्हणत.

समितीने तातडीची बैठक घेऊन सदतीसवर बंदी घातली. गणिताच्या शिक्षकांनी उदाहरणं बदलली. हजेरीपटावर छत्तीसनंतर छत्तीस-अ आणि मग अडतीस आले. विज्ञानाच्या बाई निरोगी माणसाच्या अंगाचं तापमान 'छत्तीस आणि वर थोडं' असं शिकवू लागल्या. एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने आकडे म्हणताना छत्तीसनंतर थांबून विचारलं, "बाई, पुढचा वाईट आहे का?" तिला शाबासकी देण्यात आली.

मुलांनी आकडाही सोडला. ती मुलगी वर्गात शिरली की सगळी नुसती खोकायची. खोकला हा शब्द नाही, त्यामुळे तो समितीच्या कक्षेत येतो का यावर दोन बैठका झाल्या, आणि अखेर आरोग्यसेविकेच्या सहीशिवाय खोकण्यास मनाई झाली. आरोग्यसेविका गुरुवारीच येते. जूनमध्ये सर्दीची साथ आली तेव्हा पाचवीतली खरोखर आजारी मुलं लाल चेहऱ्याने श्वास कोंडून बसलेली बाईंनी पाहिली, आणि त्यांना घरी पाठवावं तर तोही एक फॉर्म होता.

ऑगस्टमध्ये आपुलकी सप्ताह झाला. प्रत्येकाने तीन जणांना प्रेमाचं पत्र लिहायचं होतं. त्या मुलीला एकशे चौदा पत्रं आली, हा उच्चांक आहे. सगळी 'प्रिय' या शब्दाने सुरू होत होती आणि त्यापुढे सगळ्यांत मोकळी जागा होती. मजकूर फळ्यावरून उतरवलेला असल्यामुळे एकसारखाच होता. तिने पत्रं मोजूनसुद्धा पाहिली नाहीत, ती शिपायाने मोजली.

सप्ताहाच्या समारोपाला जिल्ह्याचे अधिकारी आले. त्यांनी शाळेला 'आपुलकीने हाक मारणारी शाळा' असा पितळी फलक दिला आणि म्हणाले, एखाद्या लाभार्थी मुलीला पुढे बोलवा ना. मुख्याध्यापक माइकपाशी गेले. "आमच्या शाळेत एक विद्यार्थिनी आहे," एवढंच ते म्हणाले, आणि मैदानावरची सगळी शाळा एका आवाजात खोकली. त्यात कुंपणाबाहेर उभे असलेले मासळीवालेही होते. अधिकाऱ्यांनी मैदानावर पाणी मारण्याची सूचना केली.

मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिने मान खाली घातली नाही, रडलीही नाही. ती बाईंकडे बघत राहिली, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मुलीची आई आली. ती बाजारात मक्याचे उकडलेले मुटके विकते, टोपली तिने दाराबाहेर ठेवली होती.

"दाखला द्या, बाई. नदीपलीकडे बहिणीकडे ठेवते तिला."

"थोडं थांबा ना, ताई. पुढच्या महिन्यात समिती नवीन उपाय..."

"नको आता उपाय. मला ते नाव मासळीबाजारात कळलं, बाई. मुटके घेता घेता एकाने सांगितलं, हसत. पोरगी काय म्हणाली होती तुम्हाला?"

बाईंनी टेबलावरचे फॉर्म सरळ केले.

"कुणाला सांगू नका, एवढंच ना? तिघी चिडवत होत्या तेव्हा ती शाळेत येत तरी होती हो."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. (या वाक्यासाठी कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नाही.) "त्या दिवशी उठून मागच्या बाकापर्यंत जायला हवं होतं. दहा पावलं होती."

बाईंनी दाखल्याचा कागद घेतला. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मुख्याध्यापकांनी 'उपाय पूर्ण झाले' असं आधीच लिहून ठेवलं होतं. राहिला होता पहिला रकाना, विद्यार्थ्याचं नाव. बाईंनी पेन टेकवलं आणि कागदावर तीनचा आकडा उमटला. आईने तो पाहिला. बाईंनी कागद फाडला, दुसरा घेतला, आणि या खेपेस एकेक अक्षर जपून तिचं नाव लिहिलं. आईने ते दोनदा वाचून पाहिलं, घडी घालून कागद छातीशी ठेवला आणि टोपली उचलून ती गेली.

बाईंना नावं ठेवण्याआधी वाचकांनी एका गोष्टीची नोंद घ्यावी. ती मुलगी बाईंच्या कानाशी लागली तेव्हापासून, तिला चिडवायचं ते नाव काय असेल, याचा विचार तुमच्या मनात चालू आहे, आणि दोन-तीन अंदाज बांधूनही झाले आहेत. तिचं स्वतःचं नाव काय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आता विचारून उपयोग नाही, शाळा सोडून गेलेल्यांची नावं बाहेरच्या माणसाला देण्याची पद्धत नाही.