गाय मावेल अशी गाडी

"एका फोटोत गाडी विकून दाखवतो!" वीब्रेननं बायकोला, फ्राउक्येला, ठणकावून सांगितलं.

शनिवारी सुट्टीसाठी बेटावर जाणारी बोट पकडायची होती आणि त्यांच्या चिमुकल्या गाडीत बोनके मावत नव्हता. बोनके कुत्राच, पण अंगानं वासरू! फ्राउक्येनं निक्षून बजावलं होतं, "ही विक, मोठी आण. नाहीतर मी आणि बोनके जातो, तू बस घरी!"

वीब्रेननं जागा ऐसपैस दाखवणारी वाइड अँगल लेन्स आणली. गाडीतले रबरी बूट, तंबू, मोड आलेले बटाटे उपसले. डिकीतून अंग मुडपून आत शिरला. मान अडकली, पोटरीत गोळा आला, पण फोटो काय निघाला! मागच्या सीटवर गावसभा भरवावी! बाहेरून एकही फोटो काढला नाही; बिंग फुटलं असतं. निनावी जाहिरात टाकली: 'आतून प्रशस्त.'

तासाभरात एका बाईंचा निरोप.

"कुत्रा मावेल का?"

"कुत्रा? गाय बसवा!"

"नक्की ना? आमच्या घरातला माणूस नुसत्या बाता मारतो, म्हणून विचारते."

"बाई, मी तसला नव्हे!"

शुक्रवारी दहाला चर्चसमोर भेटायचं ठरलं. चाकांत हवा भरायला जातो, असं सांगून वीब्रेन निघाला. फ्राउक्येही बहिणीकडे कॉफीला जायच्या गडबडीत होती.

दहाच्या ठोक्याला चर्चसमोर सायकल येऊन थांबली. वर फ्राउक्ये, शेजारी धापा टाकणारा बोनके!

"तू? हवा इथं भरतात?"

"आणि तुझी बहीण इथं राहते?"

"तुझ्या भरवशावर किती थांबू? गाडी बघायला आलेय. बघ, याला म्हणतात गाडी!" तिनं फोन नाचवला. "तो माणूस कुठे तडमडला देव जाणे!"

वीब्रेन चर्चच्या घड्याळाकडे बघत राहिला. फ्राउक्येनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"वीब्रेन! हा गिअरजवळचा डाग माझ्या कॉफीचा आहे!"

"अगं, तो प्रकाशाचा..."

"बारा वर्षांत आपल्या गाडीची मागची सीट मला आज दिसली! तीही फोटोत!"

गाडी काही विकली गेली नाही. शनिवारी फ्राउक्ये चालवायला बसली; शेजारची सीट आडवी केल्यावर बोनके डिकीपासून पुढच्या काचेपर्यंत पसरला. वीब्रेन मागून सायकलवर, समोरून सोसाट्याचा वारा! बंदर अजून वीस किलोमीटर.

फ्राउक्येनं वेग कमी करून काच खाली केली.

"ये ना रे आत! गाय मावते म्हणालास!"