बोल्ड अळंबीची भाजी

एका जंगलात, बाळांनो, एक सिंह राज्य करत होता. त्याच्या पदरी ससोबा नावाचा ससा होता. राजाच्या पानात पडेल तो पदार्थ आधी ससोबाने चाखायचा आणि कसा लागतो ते मोठ्याने सांगायचं, अशी त्याची नोकरी. सिंह भाजी कशी खायचा, असं मध्येच विचारू नका. महाराज डाएटवर होते.

ससोबाला भीडभाड नव्हती. करपलं तर करपलं म्हणायचा, खवट तर खवट.

एकदा शेजारच्या जंगलाचे वाघोबा सोयरीक ठरवायला आले. ऐन पंगतीत ससोबा ओरडला, "महाराज, चटणीचं खोबरं खवट आहे. खाऊ नका!"

वाघोबांनी हात आखडता घेतला. सिंहिणीने कपाळावर हात मारला.

"अहो, चारचौघांत हे कसले शब्द!" ती राजाला म्हणाली. "मुलीचं लग्न व्हायचंय आपल्या!"

कोल्हा नुकताच शहरात राहून आला होता. तो म्हणाला, "ससोबाला माझ्याकडे शिकवणीला पाठवा."

शिकवणी सुरू झाली.

"करपलेल्याला स्मोकी म्हणायचं," कोल्हा सांगू लागला. "आळणी असेल तर सटल. खवटाला नटी. कडूला बोल्ड."

"आणि नासलेल्याला?" ससोबाने विचारलं.

"फर्मेंटेड. ते तर सगळ्यात महाग असतं."

ससोबा हुशार. भराभर तयार झाला. मुदपाकखान्यातली माकडंही खूश झाली, कारण आता त्यांचं काहीच बिघडत नव्हतं.

साखरपुड्याला वाघोबा पुन्हा आले. पानात अळंबीची भाजी पडली. ससोबाने घास घेतला आणि त्याचे कान ताठ उभे राहिले. भाजी कडूजहर होती. त्या जंगलातली कडू अळंबी विषारी, हे पिल्लांनाही ठाऊक होतं.

त्याने सिंहिणीकडे पाहिलं. तिने आधीच डोळे वटारले होते.

"महाराज," ससोबा म्हणाला, "बोल्ड आहे."

बोल्ड म्हटल्यावर सिंहाने मागे राहायचं का? व्याह्यांच्या देखत त्याने पुन्हा पुन्हा वाढून घेतली. वाघोबांचा मात्र त्या दिवशी अचानक उपास निघाला.

थोड्याच वेळात राजा आणि ससोबा दोघेही पोट धरून लोळू लागले. कासववैद्यांना निरोप गेला. ते आले, आपल्या चालीने.

"भाजी कशी लागत होती ते लवकर सांगा," वैद्य म्हणाले. "आंबट असेल तर ही मुळी, कडू असेल तर ती. भलतीच दिली तर रोगी हातचा जाईल."

"बोल्ड," राजा कण्हला.

"बोल्डवर माझ्याकडे मुळी नाही हो!"

ससोबाला रडू फुटलं. "कडू होती, वैद्यबुवा! कडूजहर! मला कळलं होतं, पण मी भ्यालो!"

वाघोबांनी मिशीला पीळ दिला.

"अस्सं," ते म्हणाले. "सिंहांच्या घरी शुभकार्याला कडू वाढतात होय?"

वैद्यांनी घाईघाईने मुळी उगाळली. ससोबाने आपला वाटा गटकन गिळला. राजाने तोंड फिरवलं.

"आम्ही कडू खाल्लेलं नाही," तो म्हणाला. "आम्ही बोल्ड खाल्लं."

"अहो, घ्या ना!" सिंहीण त्याचे पाय धरून रडू लागली. "खड्ड्यात गेली ती सोयरीक!"

पण राजा शब्दाचा पक्का. दिवेलागणीच्या सुमारास तो गेला.

तेराव्याला मोठी पंगत बसली. महाराजांचं जाणं हा एक बिटरस्वीट अनुभव आहे, असं कोल्ह्याने भाषणात सांगितलं. सगळ्यांनी डोळे पुसत माना डोलावल्या. खीर करपली होती. ती किती छान स्मोकी झाली आहे, असं म्हणत प्रत्येकाने दोन दोन वाट्या ओरपल्या. ससोबा त्या वेळी आपल्या बिळात एकटाच गवत खात बसला होता. त्याला आमंत्रण नव्हतं.

तात्पर्य : खरी चव सांगणारा जगतो, बाळांनो. फक्त त्याला पुन्हा कुणी जेवायला बोलावत नाही.